कॅन्ससची वादळं आणि समोरचे काका

अमेरिकेचं हवामान शारजातून चालतं, हे अमेरिकेला ठाऊक नाही. अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगला मात्र ठाऊक आहे, कारण ते चालवणारे काका आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात ते नोकरी करतात, पण ती आपली पोटासाठी. एकुलती एक मुलगी कॅन्ससच्या माळावर नोकरीला गेली, तिथे घरं उचलून नेणारे टोर्नेडो येतात हे कळलं, आणि काकांना खरं काम मिळालं. रोज सकाळी ते मोबाइलवर तिकडच्या बातम्या लावून निवेदकाला सूचना देतात, "अरे, नकाशा काय दाखवतोस? लोकांना आत जायला सांग." आमचा मुलगा दप्तर भरता भरता म्हणतो, "अंकल इज स्कोल्डिंग अमेरिका अगेन." निवेदकाचं झालं की मुलीला फोन.

गेल्या एप्रिलात तर तिकडे टोर्नेडोंची रांगच लागली. एक गेला की दुसरा, दिवसामागून दिवस. काका मूळचे खानदेशातले. त्यांच्या गावी वादळ आलं की अंगणात लोखंडी वस्तू टाकतात, म्हणजे ते घराला वळसा घालून जातं. त्यांनी मुलीला विळी टाकायला सांगितली. ती म्हणाली, "बाबा, माझ्याकडे विळी नाही, फूड प्रोसेसर आहे."

"प्लास्टिक चालत नाही," काका म्हणाले, आणि तिच्या वतीने त्यांनी आपली विळी आपल्याच बाल्कनीत मांडली, पातं पश्चिमेला करून. वॉचमन वर आला. "साब, ये किसलिए?"

"तूफान के लिए."

त्याने निरभ्र आकाशाकडे पाहिलं. "इधर?"

"नहीं हबीबी, अमेरिका में."

वॉचमन "इन्शाल्ला" म्हणाला आणि खाली गेला.

मग एका सकाळी बातम्यांत मुलीच्याच गावाचं नाव आलं आणि तिचा फोन लागेना. काका आमच्याकडे येऊन सोफ्याच्या टोकाला बसले. निवेदकाला एक सूचना नाही, की शब्द नाही. माझ्या बायकोने दिलेल्या चहावर साय धरली. हा माणूस गप्प बसू शकतो हे आम्हाला माहीतच नव्हतं, आणि त्यानेच आमचं धाबं दणाणलं. शेवटी तिचाच फोन आला. "बाबा, तळघरात होते, रेंज नव्हती. मी ठीक आहे."

"खाली जाताना चप्पल घातली होतीस ना?" काकांनी दरडावून विचारलं, आणि मग आमच्या सोफ्यावर ढसाढसा रडले.

पुढे मुलीने बदली मागून घेतली. आता ती कॅलिफोर्नियात असते, समुद्राजवळ, जिथे वारासुद्धा विचारून आल्यासारखा येतो. काकांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. हल्ली ते फक्त रविवारी फोन करतात. आम्हाला समोरच्या दारातून ऐकू येतं, आणि खरं सांगतो, मला त्या गुणी हवेचा राग येतो.

"हवा कशी आहे?" काका विचारतात.

"छान आहे, बाबा," ती म्हणत असावी, कारण त्यानंतर काका "बरं बरं" म्हणतात आणि फोन संपतो.