बाईंची छडी आणि रोंगताईचा गज

रविवारी दुपारी कार्यक्रमाला निघताना पेइ रोंगने खांद्याला औषधाची पट्टी लावली, तेव्हाच तिच्या मनात आलं, आजचा दिवस रेटला की झालं. त्या पट्टीचा वास सबंध वाद्यवृंदाच्या ओळखीचा होता. त्यांचिन शहराच्या त्या वाद्यवृंदात रोंग व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसायची. तिच्या मागचे सगळे तिच्या गजाकडे बघून आपला गज ओढायचे. माणूस दमायला तेवढं पुरेसं होतं. पण तिच्या डोक्यावर आणखी एक ओझं होतं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

ते ओझं ग्वान बाईंचं. आमच्या त्यांचिनमध्ये भाजीवालीपासून डॉक्टरिणीपर्यंत सगळ्या बायकांना ताईच म्हणतात, पण ग्वान वेइछी यांना ताई म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या बाईच. वय शहाऐंशी. बाईमाणसाने छडी घेऊन वाद्यवृंद चालवायला पुढे उभं राहायचं, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हा त्या उभ्या राहिल्या. मध्यंतरी सरकारने खेड्यात धाडलं, तर तिथल्या बायका गोळा करून जेवायच्या काडीने ताल देत त्यांनी गाणी बसवली. अर्धाअधिक वाद्यवृंद त्यांच्या हाताखाली शिकलेला. रोंगला तर त्यांनी लहानपणापासून घडवलं. आधी रडेपर्यंत बोलायच्या, मग शेवयांचा वाडगा पुढे सरकवायच्या.

आता बाईंचा हात थकला होता. छडी मध्येच घुटमळायची. कुणी कुणाशी बोललं नाही, काही ठरवलंही नाही. एकेकाने गुपचूप छडीवरची नजर काढली आणि रोंगच्या गजावर ठेवली. तोंड मात्र बाईंकडे. बाईंना कळू नये, त्यांचा मान राहावा, एवढीच इच्छा. असली सोंगं आम्हा लोकांना झकास जमतात. माणूस बुडत असला तरी त्याला ओशाळं वाटू नये म्हणून आम्ही दुसरीकडे बघू.

पण या खेपेला तालमी सुरू झाल्या आणि काहीतरी बिनसलं. सिंफनीतला संथ भाग दर तालमीला आणखी संथ होऊ लागला. गाळात रुतलेली गाडी ढकलावी तशी रोंग घरी जाताना गळून गेलेली असायची.

कार्यक्रमाला तासभर उरला असताना व्यवस्थापक दू साहेबांनी तिला गरम पाण्याच्या नळापाशी गाठलं.

“रोंगताई, मध्यंतरानंतर सिंफनीला बाईंच्या जागी आपल्या सहायक लेइला उभं करू या. तरुण आहे, हात चालतो. कालच्या तालमीत तो संथ भाग संपेस्तोवर माझा चहा गार झाला.”

“मग बाईंना सांगा तसं.”

“मी? मला इथे नोकरी करायची आहे अजून. तुम्ही त्यांना लेकीसारख्या.”

“वाईट बातमी असली की बरी लेक आठवते तुम्हाला.”

पण ती बाईंकडे गेली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर बाईंच्या वर्मी लागलं असतं. आपण सांगितलं तरी लागणारच, हे तिला ठाऊक होतं. जिन्यातच तिला रडू यायला लागलं होतं.

बाई बूट काढून बसल्या होत्या. पाय सुजलेले.

“ये. दूने पाठवलं ना? बस आधी. खांदा कसा आहे?”

“आहे आपला जागच्या जागी. बाई, मध्यंतरानंतर...”

“ते राहू दे. मला एक सांग, संथ भागात तू एवढी रेंगाळतेस का?”

रोंग चमकली. “मी कुठे रेंगाळते? मी तुमच्या हातासाठी थांबते. तुमच्या पुढे कशी जाऊ?”

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. “आणि मी तुझ्या गजासाठी थांबते. हात दगा देतो गं माझा. हिवाळ्यापासून तुझ्या गजावरच चाललेय मी. म्हटलं, पोरीला कळू नये.”

मग बाईंना हसू फुटलं, हसता हसता खोकला आला, आणि रोंगने त्यांना थर्मासमधलं पाणी दिलं.

“म्हणजे चालवत कोण होतं?” बाईंनी विचारलं.

“कुणीच नाही.”

“आज मध्यंतरापर्यंत मी चालवणार. सगळ्यांना सांग, माझ्याकडे बघा. चुकले तर ती चूक माझी असेल. तेवढी तरी माझी मला राहू दे.”

मध्यंतराआधी त्या चुकल्या. हात एके ठिकाणी अडखळला, तुताऱ्या आधीच घुसल्या, आणि बाईंनी तुतारीवाल्यांकडे असं बघितलं की ते पुन्हा शाळेतली पोरं झाले. पण वाद्यवृंद त्यांच्या हातात होता. रोंगला भीती वाटत होती आणि तरीही किती दिवसांनी हलकं वाटत होतं.

मध्यंतरात दू साहेबांनी तोंड उघडायच्या आत बाईंनी छडी लेइच्या हातात दिली. “सिंफनी तू कर. माझे पाय गेले. मला तिथे पडद्याच्या आडोशाला खुर्ची दे.”

रोंगला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

संथ भाग आला. लेइने तो नीटनेटका सुरू केला, थोडा घाईतच. रोंगची नजर सवयीने बाजूच्या पडद्याकडे गेली. बाई अनवाणी बसल्या होत्या, मांडीवर थर्मास, डोळे मिटलेले. उजवा हात थर्मासच्या झाकणावर हळूहळू ताल देत होता. त्या कुणाच्याही गजाकडे बघत नव्हत्या.

रोंगने काही ठरवलं नाही. तिचा गज आपसूक त्या हातामागे गेला, आणि तिच्या मागची सगळी माणसं तिच्यामागे. लेइची छडी क्षणभर गोंधळली. मग त्या गुणी पोरानेही रोंगच्या गजाकडे बघितलं आणि आपला हात सावकाश केला.