तीन शौकीन आणि माझा पहिला चाकू

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याची माफी आधीच मागतो. आठवीत शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. इंदूरच्या जुनी इंदूर भागात माझं धार लावायचं दुकान आहे. कात्र्या येतात, सुऱ्या येतात, आणि दर रविवारी सकाळी घडीच्या चाकूंचे तीन शौकीन येतात. धार लावायला नाही, बोलायला! मी गप्प ऐकतो, म्हणून किस्से माझ्याकडेच साठत जातात.

मध्यंतरी त्यांच्यातले निमगावकर काका म्हणाले, "तूच एक चाकू बनव रे. तिघांना पसंत पडला, तर पुढचे आमचे सगळे चाकू तूच करायचे." आजवर मी फक्त धार लावली होती. महिनाभर दुसरं काही सुचलं नाही.

*

जोशी सरांना आवाज लागतो. पातं उघडताना 'खट्' वाजलं पाहिजे. डोळे मिटून, चाकू कानाशी धरून ऐकतात. एक चांगला चाकू त्यांनी दुकानदाराला परत केला. "खट् मध्ये जान नाही!"

पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या कानाने कमी ऐकू येतंय. सर दवाखान्यातून थेट त्या दुकानात. "भिया, वो चाकू है क्या अभी?"

*

पप्पू भियांना, म्हणजे पप्पूभाऊंना, फट चालत नाही. चाकू उन्हात धरतात. मूठ आणि स्प्रिंगच्या मधून केसाएवढा उजेड दिसला की "बाद!"

एकदा त्यांच्या घरी वहिनी चहा देता देता म्हणाल्या, "मागच्या दाराच्या फटीतून मांजर येते, दूध पिऊन जाते. ती फट यांना दिसत नी!"

भियांनी चाकूवरची नजर हलवली नाही. "दार खिशात थोडीच ठेवायचंय!"

*

निमगावकर काकांचं म्हणणं, मिटताना पातं अर्ध्यात थांबलंच पाहिजे, म्हणजे बोट वाचतं. हे मला समजावताना त्यांनी एक साधा चाकू मिटून दाखवला. तो थांबला नाही!

पुढच्या रविवारी पट्टी बांधलेलं बोट नाचवत आले. "पाहिलंस? मी काय सांगत होतो!"

*

माझा चाकू तयार झाला. छत्रीबागेत काकांच्या घरी सगळे जमलो.

सरांनी ऐकला. "खट् जरा जाड आहे."

भियांनी उन्हात धरला. "फट नाहीये, पण स्प्रिंग कडक है भिया."

काकांनी मिटून पाहिला. "थांबतोय. पण जरा लवकर थांबतोय."

मग तिघांचा आपसातच वाद जुंपला. पसंत कुणीच म्हणेना. मला वाटलं, आपल्या कात्र्याच बऱ्या.

एवढ्यात काकू ताटात पेरू घेऊन आल्या. आमच्याकडे जाम म्हणतात. तिघांच्या खिशात चाकू, पण कुणी काढेना. रसाने पातं काळं पडतं ना! काकूंनी टेबलावरचा माझा चाकू उचलला.

"अगं, नको! डाग पडेल!" काका ओरडले.

"मग काय आरती करू याची?"

काकूंनी सपासप चार जाम कापले आणि पातं पदराला पुसलं. "मस्त कापतो रे! फक्त उघडताना नख तुटलं माझं."

तिघं पात्यावरचा डाग बघत बसले. मी चाकू खिशात घालून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पात्यावरची नख घालायची खाच थोडी खोल केली. काका फिरायला जातात ती वेळ साधून त्यांच्या घरी गेलो, आणि चाकू काकूंच्या हातात देऊन आलो.