बाई आण, मग खाट मिळेल

"दूध पाजणार आहेस का तू?" डॉक्टर म्हणाला, आणि त्याच्या मागं उभी असलेली शिकाऊ पोरंपोरी फिदीफिदी हसली.

नाशिकचा सरकारी दवाखाना. लहान मुलांचा वॉर्ड. माझ्या हातात माझी लेक, सुमन. चार महिन्यांची. हगवण लागलेली. डोळे खोल गेलेले, रडायलाही आवाज उरला नव्हता. मी एवढंच म्हणालो होतो, "साहेब, हिची आई वारली. मी थांबतो हिच्यापाशी."

"पुरुषांना इथे थांबता येत नाही. सगळ्या बायका असतात. बाई आण, मग खाट मिळेल." मग केसपेपरवरचं माझं आडनाव त्यानं परत वाचलं. "तुमच्यात काय, लगेच दुसरी करतात. कर की."

परत हसले. औषधाची बाटली हातात कोंबली आणि पुढचा नंबर पुकारला. मी घोटीच्या भातगिरणीत हमाल. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून चढतो. पण त्या हसण्यानं मान खाली गेली ती वर येईना. पोर घेऊन एस.टी.त बसलो आणि माघारी आलो.

बाई कुठून आणू? आवणीचे दिवस होते. भाताची रोपं लावायला आमच्याकडची झाडून सगळ्या बाया चिखलात उतरलेल्या. मेव्हणीच्या घरी गेलो, तर साडू दारातच आडवा आला. "मजुरी बुडवून ही दवाखान्यात बसली तर आमी खायाचं काय? आन तुला काय धाड भरलीया? दुसरी कर, सुटशील."

दुसरी कर. मंदा, माझी बायको, काविळीनं गेली. तिच्या दिवसकार्याला, जलदान विधीला, पंचशील म्हणून झालं न झालं तोच वस्तीतले थोरले हेच बोलले. बायांनी आळीपाळीनं सुमनला सांभाळलं, ते उपकार फिटायचे नायत. पण बाप्या माणसांनी मला काय दिलं? सल्ला. जेवलास का, झोप लागते का, एकानं विचारलं नाय. आपल्याच माणसांनी नाय विचारलं, मग डॉक्टरला कुठल्या तोंडानं बोलू? गिरणीचा मुकादम तर म्हणाला, "पोर घेऊन आलास तर उद्यापासनं येऊ नको."

संध्याकाळी मी घोटीच्या स्टेशनात जाऊन बसलो. पोर छातीशी. घाटाकडून मालगाडी येत होती. मी उठलो. खोटं कशाला सांगू, रुळाकडं बघूनच उठलो. दोघंबी सुटू, असं वाटलं. अंगात भीती म्हणून नव्हती, आणि त्याचीच आज मला लय भीती वाटते. फलाट हादरायला लागला. तेवढ्यात सुमन माझ्या अंगावर ओकली. मी सदऱ्याच्या कडेनं तिचं तोंड पुसलं, मान पुसली, कानामागं गेलेलं पुसलं. ते पुसता पुसता गाडी निघून गेली.

तिथंच डोकं सणकलं. मंदा गेल्यापासून रात्रीचं हे सगळं मीच तर करत होतो! कूस बदलली तर मला जाग येत होती. मग मी चालत नाय, असं सांगणारा हा डॉक्टर कोण लागून गेला?

सकाळच्या पहिल्या गाडीनं परत नाशिक. कुणाला विचारलं नाय. सरळ वॉर्डात शिरलो, भिंतीकडच्या रिकाम्या खाटेवर सुमनला ठेवली आणि खाली फरशीवर बसलो. सिस्टर धावत आली. "ए, बाहेर हो!"

"मी हिचा बाप हाय. हालनार नाय. पोलीस बोलवा."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "बसू द्या की बाई. आमचं काय जातंय?" ज्या बायकांसाठी नियम होता म्हणे, त्यांतली एकही मला ऊठ म्हणाली नाय.

शेवटी सिस्टरनं सलाईन लावलं. दुपारी सुमन गेली.

तोच डॉक्टर आला. नाडी बघितली. मला त्यानं ओळखलंच नाय. "फार उशीर केलास," म्हणाला. "काल आणायला हवी होतीस."

"कालच आनली व्हती, साहेब."

या वेळी कुणी हसलं नाय.

लोक म्हणतात, विसर आता. का विसरू? सरकारनं आईसाठी खाट ठेवली, चांगलं केलं. बापासाठी फरशीसुद्धा नाय ठेवली. आता वस्तीत कुणाची बायको गेली, की जलदानाच्या दिवशी मीच उठतो. थोरल्यांनी तोंड उघडायच्या आत विचारतो, "आज याच्या घरी कोण झोपणार? उद्या याच्याबरोबर कोण जाणार?" नाव घेतल्याशिवाय कुणाला उठू देत नाय. मी खडूस झालोय म्हणतात. झालोय. गिरणीत काम बंद पाडून आम्ही अशा बापाला रजा द्यायला लावली.

दवाखान्याचं दार मात्र अजून तसंच. अर्ज करून हात दुखले.

आज सकाळी सांगावा आला. पेठकडचा एक बाप त्या वॉर्डाच्या पायरीवर बसलाय. पोरगं मांडीवर तापानं फणफणलंय, आणि त्याला बाई आणायला सांगितलंय. गिरणी सोडून आम्ही सगळे हमाल निघालोय. आज अर्ज नाय, विनवणी नाय. ते पोर खाटेवर जाईल आणि बाप त्याच्या उशाशी बसेल. हाकलायचंच असेल तर आधी आम्हाला हाकलावं लागेल. आणि आता आम्ही जात नसतो.