बिनमातीचे टोमॅटो आणि माझं फिरलेलं डोकं

आमच्या गच्चीवर टोमॅटो किती पिकले ते विचारू नका. किस्से मात्र पोत्यानं निघाले! परवा चव्हाणबाई भेटल्या, तर आम्ही दोघी भररस्त्यात उभ्या राहून तासभर हसलो. खरं सांगते, त्या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा नुसता संताप यायचा. तो अजूनही पुरता उतरलेला नाही.

सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. एका जुन्या मासिकात मातीविना शेतीवर लेख वाचला. माती नाहीच! रोप खडीत रोवायचं आणि खतं विरघळवलेलं पाणी पाजायचं. मधल्या सुट्टीत तो लेख मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचला. प्रयोगशाळा सांभाळणारे देसाई सर म्हणाले, "पाण्यात काय घालायचं ते माझ्याकडे." चव्हाणबाई मराठी शिकवायच्या, पण माहेर गगनबावड्याकडचं, शेतकऱ्याचं. त्या म्हणाल्या, "रोपांचं माझ्याकडं." गच्ची माझी, म्हणजे माझ्या भाड्याच्या घराची.

बांबू वाकवून कमानी केल्या, वर जाड प्लॅस्टिक ताणलं. गच्चीवर एक लांबट बोगदा उभा राहिला. तिथून जे सुरू झालं ते सुरूच!

*

समोरच्या निंबाळकर मामींनी माझ्याशी बोलणं टाकलं. आधी रोज खिडकीतून हाक मारणारी बाई, आता मला बघितलं की खिडकी लावून घ्यायची. आठ दिवसांनी मीच त्यांच्या दारात गेले. म्हटलं, "मामी, माझं काय चुकलं?"

"चुकायचं काय? तुमी मोठी माणसं! घरात लगीन काढलासा, गच्चीवर मांडव घातलासा, गल्लीत कुणाला कळवलासा न्हाई."

मी त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं. मामींनी वाकून आत बघितलं. खडीनं भरलेल्या घमेल्यांच्या रांगा, त्यात वीतभर रोपं.

"ह्यो मांडव टोमॅटोला?"

"हो."

"आणि तुमची नणंद तीस वर्षांची झाली की! आदी तिला मांडव घाला!"

*

मग खताच्या पाण्याचं. देसाई सरांनी यादी करून दिली. त्यात सोरा होता. सोरा म्हणजे दारूकामात घालतात तो, पण रोपांनाही तो लागतो. बाजारातल्या दुकानदारानं यादी वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बाई, फटाकं करतासा?"

"नाही हो, भाजी करायची आहे."

"शाळेचं पत्र आणा. त्याशिवाय द्यायचा न्हाय."

म्हणजे मी वीस वर्षं मुलांना शिकवते आणि हा माणूस मला बॉम्बवाली समजतो! तणतणत शाळेत आले. हेडमास्तरांनी क्लार्कला सांगितलं, क्लार्कनं शिक्का मारून पत्र दिलं. मी न वाचताच ते दुकानदारापुढे ठेवलं. त्यानं गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं वाचलं, "सदर शिक्षिका भाजीत सोरा घालतात, तरी तो देण्यास हरकत नसावी."

दुकानदारानं पुडी बांधली आणि हळूच विचारलं, "मालक खातात काय हो ही भाजी?"

*

पाऊस लागला तसे चव्हाणबाईंचे वडील आले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. अंगावर घोंगडं, डोक्याला फेटा. गगनबावड्याचा पाऊस काढलेला माणूस, त्याला कोल्हापूरचा पाऊस म्हणजे शिंतोडे. लेकीचा प्रयोग बघायला मुद्दाम एस.टी.नं आलेले.

ते गच्चीत पावसात उभे राहिले. प्लॅस्टिकवर पाणी ताडताड वाजत होतं. त्याच वेळी आम्ही दोघी खालून बादल्या भरून जिना चढत होतो. चव्हाणबाईंना धाप लागलेली, माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

आबांनी एकदा वर बघितलं, एकदा बादलीकडे बघितलं.

"पोरी, वरनं पडतंय ते काय हाय?"

"पाऊस, आबा."

"आणि बादलीत?"

"पाणी."

आबांनी घोंगडं सारखं केलं. "म्हंजे फुकटचं यील ते मांडव घालून अडवायचं, आणि जिन्यावरनं कंबर मोडून आणायचं. एवढ्यासाठी तुला बी. ए. केली व्हय?"

चव्हाणबाई चार दिवस रुसल्या होत्या. बापावर नव्हे, माझ्यावर!

*

टोमॅटो आले. लाल, गोल, एकसारखे. पहिली टोपली मी सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी पदर तोंडाला लावला. "औषधाच्या पाण्यावर वाढलेलं मी खाणार नाही. ज्याला आईचं दूध नाही आणि भुईची माती नाही, ते काय अंगी लागणार?"

मी विज्ञान सांगितलं. सूत्रं सांगितली. देसाई सरांना घरी बोलावून त्यांच्याकडून वदवून घेतलं. छे! दोन महिने आमच्या घरात दोन भाज्या शिजायच्या, एक मातीतली आणि एक माझी.

मग कार्तिकी एकादशी आली. दुपारी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई पाटावर बसून टोमॅटो, दही आणि दाण्याचं कूट कालवून मजेत खात होत्या. माझे टोमॅटो!

मी कमरेवर हात ठेवले. "आई, हे काय? आज उपास ना? टोमॅटो कुठं चालतो उपासाला?"

"मातीतला चालत नाही," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "हा कुठं मातीतला आहे?"

*

पुढच्या वर्षी मे महिन्यात वळीव आला आणि सगळं प्लॅस्टिक घेऊन गेला. कमानी जागेवर, प्लॅस्टिक गायब! मी आणि देसाई सर दोन दिवस सगळ्या गल्ल्या फिरलो. झाडं बघितली, तारा बघितल्या. मिळालं नाही.

जूनमध्ये शाळेला उशीर झाला म्हणून रिक्षा केली. पाऊस आडवा येत होता. रिक्षावाल्यानं बाजूनं पडदा सोडला. बघते तर पडद्याला निळ्या दोऱ्याची शिलाई! कमानीला घासून फाटलं होतं तिथं मी स्वतः घातलेली.

"हे प्लॅस्टिक कुठलं?" मी ओरडलेच.

"वरनं आलं, बाई. वळवाच्या दिवशी थेट हुडावर पडलं. देवानं दिलं."

"देवानं कसलं, मी दिलं! ही शिलाई माझी आहे!" असं म्हणून मी पडदा धरला.

त्यानं गचकन ब्रेक दाबला आणि मागं वळून म्हणाला, "ओ बाई, हात काढा! आदीच कुणीतरी वंगाळ शिवलंय, उसवंल!"

*

आता शेवटचं. हे सांगताना माझा आवाज अजून चढतो.

नवं प्लॅस्टिक ताणून बोगदा पुन्हा उभा केला आणि त्याची बातमी लांबवर गेली. एक दिवस वारणेकाठच्या गावातले चार बागाईतदार जीप घेऊन आले. फेटे, टोप्या, एकाच्या हातात वही-पेन्सिल. त्यांना हा प्रयोग आपल्या मळ्यात करायचा होता. मला इतका आनंद झाला! रविवार होता, चव्हाणबाई आल्या होत्या आणि हेही घरीच होते. हे म्हणजे माझे यजमान, विमा कंपनीत नोकरी, आणि दोन वर्षांत गच्चीवर आले असतील फक्त पतंग काढायला.

त्यातल्या म्हाताऱ्या पुढाऱ्यानं ह्यांना रामराम घातला. "साहेब, खडी किती जाडीची?"

मी सांगितलं, "बोराएवढी."

वहीवाल्यानं काही लिहिलं नाही. सगळे ह्यांच्याकडे बघत राहिले. हे म्हणाले, "बोराएवढी." वहीवाल्यानं लिहिलं.

"साहेब, पाणी कितव्या दिवशी बदलायचं?"

"आठव्या," मी म्हटलं.

पेन्सिल थांबलेली. "आठव्या," हे म्हणाले. पेन्सिल चालली.

असं अर्धा तास! माझं ज्ञान, माझ्या तोंडून निघालेलं, ह्यांच्या तोंडून गेल्याशिवाय वहीत शिरत नव्हतं. माझी कानशिलं तापली. चव्हाणबाई माझा हात दाबून धरत होत्या. ह्यांनाही कानकोंडं झालं होतं, ते दोनदा म्हणाले, "अहो, हिला विचारा, हिचं आहे सगळं." म्हातारा हसून म्हणाला, "मोठ्या मनाचा माणूस!"

मग शेवटचा प्रश्न आला. "साहेब, मुळं पाण्यात ऱ्हाणार, मग त्यांना हवा कशी देतासा?"

आम्ही सायकलच्या पंपानं पाण्यात हवा मारायचो, दिवसातून तीनदा. पण मी तोंड उघडलं नाही. म्हटलं, बघू दे आता!

हे माझ्याकडे बघत राहिले. मी आकाशाकडे बघत राहिले. मग वैतागून हे म्हणाले, "फुंकून!"

"फुंकून?"

"हो. फुंकून!"

वहीवाल्यानं लिहिलं. मंडळी चहा पिऊन, ह्यांना वाकून नमस्कार करून गेली. जीप वळल्यावर हे म्हणाले, "अगं, त्यांना कळलं असेल ना, मी चिडून बोललो ते?"

दीड महिन्यानं पत्र आलं, ह्यांच्या नावानं. मीच फोडलं.

"साहेबांस सप्रेम नमस्कार. आपल्या सांगण्याप्रमाणे सर्व केले आहे. रोपे जोमात आहेत. चुलीच्या फुंकण्या वापरून सकाळ, दुपार, संध्याकाळ हवा देतो. हे काम घरच्या सहा बायकांकडे दिले आहे. परंतु फुंकून फुंकून बायकांना घेरी येते. तरी साहेबांनी उपाय कळवावा."

मी ते पत्र तीनदा वाचलं. मग पोस्टकार्ड घेतलं आणि ठळक अक्षरात एकच ओळ लिहिली, "यापुढे पुरुषांनी फुंकावे."

खाली सही मात्र ह्यांची घेतली.