दवावर अनवाणी

कारल्याच्या रसाला हिरवा फेस येतो. डोंबिवलीत आमच्या घरामागच्या मैदानाबाहेर सकाळी रसाची गाडी लागते. तिथे तो फेस मिशीला लावून उभे असलेले मधुमेही मी रोज पाहायचे. सगळ्यांचे ग्लास एकाच बादलीत बुचकळायचे आणि बादलीतलं पाणी शेवाळी. रस संपला की ही मंडळी मोठ्याने ढेकर द्यायची आणि "एवढं चाललो, आता एक वडा चालतो" म्हणत शेजारच्या गाडीवर वळायची. माझे यजमान त्यांच्यातलेच. शिसारी यायची मला.

डॉक्टरांनी सांगितलेलं अगदी साधं होतं. भात कमी, भाकरी-उसळ जास्त, जेवल्यावर थोडं चालणं. आणि पावलं रोज तपासायची, कारण साखरेमुळे यांच्या तळव्यांना काही जाणवेनासं झालं होतं. मी नाचणीच्या भाकऱ्या थापायचे, जेवणानंतर यांना सोसायटीच्या आवारात चालायला न्यायचे. तळवे बघायला गेले की मात्र हे पाय आखडून घ्यायचे. मी सांगितलेलं पथ्य म्हणजे कटकट, आणि मैदानावरच्या साहेबांनी सांगितलेलं म्हणजे शास्त्र.

हे साहेब म्हणजे कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळे त्यांना साहेबच म्हणायचे. त्यांनी एक दिवस जाहीर केलं, "दवावर अनवाणी चाला. जमीन साखर ओढून घेते."

यांची विसरलेली गोळी द्यायला मी एकदा मैदानावर गेले. कुत्र्यांनी रात्री जिथे उरकलेलं, बाटल्या जिथे फुटलेल्या, त्याच ओल्या गवतात शिकलेसवरलेले पुरुष पँटी दुमडून गोल गोल फिरत होते. साहेब पांढरे बूट घालून बाकावर बसून हुकूम सोडत होते. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

"अहो, पायाला लागलं तर कळायचं नाही तुम्हाला," मी म्हटलं.

"गप गं. सगळे चालतायत ना!"

पुढे घरात एक वास यायला लागला, गोडसर आणि कुजका. आमच्याकडे कसलाही वास आला की पहिलं नाव जवळच्या केमिकल कंपन्यांचं. "सोडला वाटतं परत गॅस," असं म्हणत आम्ही खिडक्या लावून बसलो. बंद घरात वास वाढतच गेला, तरी आम्ही कंपन्यांनाच शिव्या देत होतो. शेवटी मी धुवायला टाकलेला त्यांचा मोजा उचलला. तो अंगठ्यापाशी पिवळा आणि कडक झाला होता. मला तिथेच ओकारी आली.

अंगठ्याखाली बारीकशी काच निघाली. यांना ती टोचलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, अंगठा वाचतोय का बघू. मी रोज देवापाशी फक्त तेवढंच मागत होते, एका माणसाचा एक अंगठा. तो वाचला नाही.

यांना घरी आणल्यावर साहेब भेटायला आले. हातात रसाची बाटली, तोच हिरवा फेस. आमच्याकडे चपला दाराबाहेर काढतात, हे त्यांना वेगळं सांगायची गरज नव्हती. पण ते बुटांसकट आत आले.

"बूट काढत नाही हं, वहिनी," ते हसत म्हणाले. "मलापण शुगर ना! पायाला कळत नाही काही. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही म्हणून."

मी त्या पांढऱ्या बुटांकडे बघत राहिले. तो कडक मोजा हातात धरतानासुद्धा इतकी किळस आली नव्हती. मला वाटलं, आता तरी हे काही बोलतील, निदान त्या माणसाला बाहेरची वाट दाखवतील.

"असू दे, असू दे, साहेब. बसा," हे म्हणाले. आणि पाहुण्यांना बघायला बरं वाटणार नाही म्हणून त्यांनी पट्टी बांधलेला पाय हळूच चादरीखाली ओढून घेतला.