आठ माणसांची लिफ्ट

गोड बोलणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. फौजेत मी वर्षानुवर्षं माल ताब्यात घेतलाय. पोत्यावर काय लिहिलंय ते सोडायचं आणि आत काय हाय ते बघायचं, ही खोड तिथलीच. त्यामुळं मुलानं सांगलीत पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट ठरवला, तेव्हा मी आधी लिफ्टची चौकशी केली.

कारण बायको. मणक्याच्या दुखण्यानं ती वर्षभर आडवीच आहे. बसवलं की कळ थेट मस्तकात जाते. आष्ट्याहून दर महिन्याला तिला सांगलीला न्यायचं म्हणजे लय हाल. म्हणून दवाखान्याजवळ घर, आणि पुराच्या भीतीनं वरचा मजला, असं मुलाचं म्हणणं. पटण्यासारखं होतं. पण वर नेलेलं माणूस खाली कसं आणायचं, हे विचारलं की हा फोनमध्ये तोंड घालायचा. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं.

मुलाला घेऊन साइटवर गेलो, तर तिथला इंजिनिअर साखरेत घोळलेला. आठ माणसांची लिफ्ट हाय काका, पाचशे चव्वेचाळीस किलो उचलते, म्हणाला. म्हटलं, माझी बायको चाळीस किलोचीसुद्धा राहिली नाही, वजन कोण विचारतंय? लांबी सांग. तेव्हा कुठं त्यानं नकाशा काढला. रुंदी साडेतीन फूट, खोली सव्वाचार.

लिफ्ट अजून बसायची होती. मी पार्किंगमध्ये चुन्याच्या फक्कीनं तेवढाच चौकोन आखला आणि ओळखीच्या दवाखान्यातून मागून आणलेलं स्ट्रेचर त्यात ठेवलं. सरळ ठेवलं, तिरकं ठेवलं. मावेना. पेशंटला खुर्चीत बसवून नेतात की, असं इंजिनिअर म्हणाला आणि माझं डोकंच फिरलं. आठ धडधाकट माणसं मावतात आणि एक आजारी बाई मावत नाही, हे कसलं गणित, असं मी त्याला चांगलंच सुनावलं. त्यानं शांतपणे सांगितलं की हिशोब उभ्या माणसांचाच धरतात, आणि हे त्यानं माझ्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी मुलाकडं वळलो. संशय खरा ठरला होता आणि मला त्याची लाज वाटत होती. "आई जड झाली व्हय रं तुला?"

तो हळू म्हणाला, "आबा, डॉक्टरांनी हात टेकलेत. आता तिला दवाखान्यात आणू नका म्हणाले. तेच घरी येऊन बघणार हायेत, म्हणून इथं जवळ घर घेतलं. एकदा जिन्यानं उचलून वर नेली, की तिला परत खाली आणायची वेळच येणार न्हाई."

स्ट्रेचर आम्ही दोघांनी मिळून गाडीत घातलं.

संध्याकाळी आष्ट्याला पोचलो. ती वाटच बघत होती. "आवं, मावतोय का वो मी त्या लिफ्टमधी?"

उभ्या जन्मात मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. म्हटलं, "मावतीस की. हातपाय पसरून."