झाकलेलं ताट

कॅलेंडरच्या छापखान्यात तिला सगळे पुरावाबाई म्हणत. तोंडावर म्हणत, कारण तिला ते आवडायचं. रोज एक पान फाडायचं, असं ते कॅलेंडर. पानावर तारीख, तारखेखाली सुविचार आणि सुविचाराखाली कुणा मोठ्या माणसाचं नाव. ते नाव खरं की उगाच चिकटवलेलं, हे शोधणं तिचं काम. वाक्य घ्यायचं, ते आधी कुठे छापलं होतं ते बघायचं, मग त्याच्याही आधी कुठे, असं मागे मागे जात पहिल्या छापील जागेला पोचायचं. भल्याभल्यांची नावं तिने अशी पुसली होती. एका सेनापतीच्या नावावर खपणारं वाक्य साबणाच्या जाहिरातीत निघालं, तेव्हा मालकाने कपाळावर हात मारून घेतला होता. "बाई, साबणाचं नाव टाकून कॅलेंडर विकू कुणाला?"

तिचा नियम एकच. छापील पुरावा नसेल, तर नाव नाही. एकदा एक निवृत्त मास्तर आले आणि एक वाक्य आपल्या वडिलांचंच आहे म्हणून हटून बसले. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. तिने त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. "आठवणीला तारीख नसते, सर," असं ती म्हणाली होती. हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं, की पुढे कितीतरी जणांना तिने ते ऐकवलं.

तिची थोरली बहीण, ताई, याच छापखान्यात बाइंडिंगला होती. आई लवकर गेली, हिला ताईनेच वाढवलं. पानांचे गठ्ठे शिवून शिवून ताईच्या बोटांची पेरं वाकडी झाली आणि त्यावर हिचं कॉलेज झालं. आता ताई थकली होती, मुलाकडे राहायची. मध्यंतरी तिच्या हातून गॅस चालूच राहिला आणि मुलाच्या मनात पाल चुकचुकली. मग डॉक्टर, तपासण्या, आणि सकाळी चहाबरोबर "आई, आज वार कोणता?"

त्यातच एका दुपारी सुनेने फोनवर आलेला सुविचार मोठ्याने वाचला. मागे फुलं, वर एका दाढीवाल्या विचारवंताचा फोटो आणि खाली अक्षरं, 'ज्याचं ताट घरी कुणीतरी झाकून ठेवलंय, त्याला उशिराची भीती नसते.'

"हे माझं आहे," ताई म्हणाली.

"काय तुमचं?"

"वाक्य. मी म्हटलेलं."

सून खो खो हसली. "आणि विजेचा दिवा, आई? तोही तुम्हीच शोधलात का?"

मुलगा हसला नाही. डॉक्टरांना सांगायला हवं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. ताईने तो चेहरा वाचला आणि बहिणीला बोलावून घेतलं.

"तू कॉलेजात होतीस, त्या वर्षी कॅलेंडरच्या शेवटच्या पानांना एक सुविचार कमी पडला," ताईने सांगितलं. "फोरमन बोंबलत आला, बायांनो, काहीतरी शहाण्यासारखं बोला! मी बोलले. त्याने जरा ठाकठीक केलं आणि खाली त्या दाढीवाल्याला बसवलं. म्हणाला, बाइंडिंगवालीचं नाव कोण वाचतंय? आम्ही सगळ्या हसलो."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलीस?"

"त्यात बोलायचं काय? भाकरी थापली म्हणून तिच्यावर नाव लिहिते का मी? पण आता हे मला खुळी ठरवायला निघालेत गं. तू सांग त्यांना. तुझं ऐकतात."

पुरावाबाईने पदर खोचला. विचारवंताचे सगळे खंड चाळले, भाषणं, पत्रं, शिष्यांनी लिहिलेल्या आठवणी. कुठे म्हणून ते वाक्य नव्हतं. मग ती उलट्या दिशेने निघाली. कपांवरून, खानावळींच्या भिंतींवरून, लग्नपत्रिकांवरून मागे मागे जात सगळे धागे एकाच जागी येऊन थांबले. त्यांच्याच छापखान्याचं जुनं कॅलेंडर, वर्षाच्या शेवटाकडचं पान. त्याआधी काही नाही. फोरमन केव्हाच गेला होता. बाइंडिंगच्या बायकांपैकी एक सापडली. ती म्हणाली, "असेल बाई. आम्ही दिवसभर बडबडायचोच."

राहिली तिची स्वतःची आठवण. कॉलेजातून उशीर व्हायचा, ओट्याच्या कोपऱ्यात ताटावर ताट पालथं घातलेलं असायचं आणि ती भीत भीत आत शिरली, की ताई काहीतरी म्हणायची. हेच म्हणायची? हेच. पण हे वाक्य तिने इतक्या ठिकाणी वाचलं होतं, की वाचलेलंच ऐकल्यासारखं वाटत असेल तर? दुसऱ्या कुणाची आठवण असती, तर तिने क्षणात उडवून लावली असती.

रविवारी ताईच्या घरी सगळे बसले. ताईने ठेवणीतली साडी नेसली होती.

"त्या विचारवंताचं नाही ते, हे नक्की," पुरावाबाई म्हणाली.

ताईने सुनेकडे बघितलं. बघ, असं.

"म्हणजे आईचं आहे?" मुलाने विचारलं.

होय म्हणायला काय लागत होतं? मास्तरांचे भरलेले डोळे तिला आठवले. त्यांना नाही, आणि बहिणीला हो?

"तसं सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "पुरावा नाही."

"म्हणजे नाही," मुलगा म्हणाला आणि सुस्कारा सोडून उठला. ताई साडीच्या निऱ्या तेवढ्या नीट करत राहिली.

पुढच्याच आठवड्यात गॅसच्या नळीला कुलूप बसलं. ताईला स्वयंपाकघर बंद झालं. इकडे पुरावाबाईने मालकाशी भांडून नव्या कॅलेंडरातून विचारवंताचं नाव काढायला लावलं आणि तिथे 'अज्ञात' घातलं. मालकाने नाक मुरडलं. अज्ञात माणसाचं कोण ऐकतं, म्हणून त्याने ते वाक्यच उडवलं आणि त्या जागी गोळ्या-बिस्किटांची जाहिरात टाकली.

दर रविवारी रात्रीचं जेवण ताईकडे, हा तिचा शिरस्ता. नंतरच्या एका रविवारी छपाईच्या गडबडीत तिला उशीर झाला. ती पोचली तेव्हा सगळ्यांची जेवणं उरकली होती. सवयीने तिची नजर ओट्याच्या कोपऱ्यात गेली. ओटा लख्ख पुसलेला होता.

"काय शोधतेस?" ताईने खुर्चीतूनच विचारलं.

"काही नाही. ताट..."

"कुठलं ताट? मी कधी तुझ्यासाठी ताट झाकून ठेवलं? आहे पुरावा?"

सुनेने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "बघा," ती हळूच म्हणाली, "आता हेही विसरल्या."

"नाही रे, ती काही विसरलेली नाही," पुरावाबाई घाईघाईने म्हणाली. "तिला सगळं लख्ख आठवतंय."

"कशावरून, मावशी?" मुलाने विचारलं.